ईसीएस एक्झेक दर रिलीजनंतर बंद पडतंय? आधी टास्क कधी जन्माला आला ते बघा

सर्व्हर म्हटला की एसएसएच मारायचं आणि आत शिरायचं, ही सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला बसलेली आहे. पण ॲप एकदा ॲमेझॉनच्या ईसीएसवर (कंटेनर, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा, चालवणारी सेवा), त्यातही फार्गेटवर (जिथे मशीन ॲमेझॉनच सांभाळतं) गेलं की खालचं मशीन आपल्या ताब्यात नसतंच, मग एसएसएच मारणार कुठे. मार्च २०२१ मध्ये ईसीएस एक्झेक आलं आणि तेव्हापासून एडब्ल्यूएस सीएलआयमधून (ॲमेझॉन क्लाउडच्या कमांड लाइन टूलमधून) एक्झिक्यूट-कमांड मारली की चालू कंटेनरमध्ये सरळ शेल मिळतो, पोर्ट उघडायला नको, एसएसएचच्या कीज सांभाळायला नकोत. चालतं तेव्हा फार सुख आहे. पण ते काल चाललं आणि आज चालत नाही असं ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा होतंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण आमच्याकडे हे चार महिने चाललं होतं आणि दर वेळी आम्ही चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत होतो. (कमांड आणि ऑप्शन इथे बोलतो तसेच लिहिलेत, टाईप करताना नेहमीच्या स्पेलिंगने टाका.)

सगळ्यात आधी, एरर नीट वाचा. दोन वेगळ्या एरर येतात आणि लोक दोन्हीला "एक्झेक चालत नाही" एवढंच म्हणतात. एक आहे इनव्हॅलिड पॅरामीटर एक्सेप्शन, त्यात लिहिलेलं असतं की टास्क (ईसीएसवर एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा संच) सुरू झाला तेव्हा एक्झिक्यूट कमांड चालू केलेली नव्हती किंवा एजंट (कंटेनरच्या आत एक्झेकचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम) चालू नाहीये. दुसरी आहे टार्गेट नॉट कनेक्टेड एक्सेप्शन, त्यात इंटर्नल एरर आहे, थोड्या वेळाने परत ट्राय करा असं येतं. ही दुसरी आली की माणूस चहा पिऊन येतो, परत तीच कमांड मारतो, परत तेच. टास्क सुरू होऊन दहा-वीस सेकंदच झाली असतील तर थांबण्यात अर्थ आहे, एजंट वर यायला तेवढा वेळ लागतो. टास्क अर्धा तास चालू असेल तर थांबून काही होणार नाही, कारण शोधावं लागेल.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. एका क्लायंटचं बिलिंगचं ॲप, लाराव्हेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क), मुंबई रीजनला फार्गेटवर. दर दोन आठवड्यांनी गुरुवारी दुपारी रिलीज. रिलीज झाली की पुढच्या एक-दोन दिवसात कोणाला तरी कंटेनरमध्ये शिरायची गरज पडायची आणि पहिली एरर यायची, मग टीममधलं कोणीतरी सीएलआयवरून अपडेट-सर्व्हिस मारायचं (सर्व्हिस म्हणजे ठरलेले टास्क सतत चालू ठेवणारी ईसीएसची व्यवस्था), इनेबल-एक्झिक्यूट-कमांड आणि फोर्स-न्यू-डिप्लॉयमेंट हे दोन ऑप्शन लावून, नवीन टास्क उभे राहायचे, एक्झेक चालायला लागायचं, सगळे खूश. दोन आठवड्यांनी परत पहिले पाढे पंचावन्न. आमच्या हँडओव्हरच्या डॉक्युमेंटमध्ये ती कमांड "एक्झेक अडकलं तर हे मारा" म्हणून चक्क लिहून ठेवलेली होती, म्हणजे आजार तसाच ठेवून गोळी तेवढी भिंतीला चिकटवलेली.

मग महिनाअखेरीला रात्री साडेदहाला ऑन-कॉलवर असलेल्या आमच्या ज्युनिअर मुलीचा फोन आला. "सर, क्यू वर्कर अडकलाय, इनव्हॉइस जात नाहीयेत, आणि आत जाता येत नाहीये, परत तेच येतंय." (क्यू वर्कर म्हणजे रांगेतली कामं मागे बसून उरकणारा प्रोग्रॅम.) मी म्हटलं, "थांब, ती डॉक्युमेंटमधली कमांड मारू नकोस अजून. डिस्क्राइब-टास्क्स मार आणि दोन गोष्टी वाचून दाखव, टास्क कधी सुरू झालाय आणि इनेबल एक्झिक्यूट कमांडपुढे काय आहे." तिने वाचलं: सुरू झाला गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आणि पुढे फॉल्स.

बस, सगळं त्यातच होतं. हा फ्लॅग, म्हणजे एक्झेक चालू-बंदची खूण, टास्क जन्माला येताना त्याच्या कपाळावर लिहिला जातो, नंतर बदलत नाही. सर्व्हिसवर तुम्ही फ्लॅग चालू केलात तरी जे टास्क आधीपासून चालू आहेत त्यांना त्याचा काही उपयोग नाही, तो फक्त त्यानंतर उभे राहणाऱ्या टास्कना लागू होतो. म्हणून तर फोर्स-न्यू-डिप्लॉयमेंट लागतं. आणि दर रिलीजला तो जात कसा होता? आमची सर्व्हिस टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची मांडणी फाईलमध्ये लिहून उभी करायचं टूल) लिहिलेली, आणि त्यात इनेबल एक्झिक्यूट कमांडची ओळच नव्हती. हाताने चालू केलेला फ्लॅग टेराफॉर्मला दिसायचा परका, पुढच्या अप्लायला, म्हणजे फाईल लागू करताना, तो सर्व्हिस परत आपल्या फाईलसारखी करून टाकायचा, आणि त्याच रिलीजमध्ये नवीन टास्क उभे राहायचे ते फ्लॅगशिवाय. प्लॅनच्या, म्हणजे काय बदलणार त्या यादीच्या, आउटपुटमध्ये ती ओळ दर वेळी येत होती, ट्रू वरून जातंय म्हणून, पण चाळीस ओळींच्या प्लॅनमध्ये ती कोणी वाचली नाही.

पण मला खरं बोचलं ते वेगळंच. त्या रात्री आम्हाला बघायचं होतं की वर्कर नेमका कशावर अडकलाय, आणि आत शिरायचा एकच मार्ग होता तो म्हणजे फोर्स डिप्लॉय, जो तो अडकलेला वर्करच मारून टाकतो. म्हणजे ज्याची तपासणी करायची तोच पेशंट बदलून नवीन आणायचा. इनव्हॉइस थांबल्या होत्या म्हणून शेवटी तेच केलं, क्यू धावायला लागली, आणि का अडकली होती ते त्या रात्री कळलंच नाही. म्हणून ज्यांच्याकडे हा प्रकार आहे त्यांना कळकळीने सांगतो, फ्लॅग गरज पडल्यावर चालू करायची गोष्ट नाहीये. गरज पडते तेव्हा उशीर झालेला असतो.

तर पहिली दुरुस्ती ही: फ्लॅग जिथे सर्व्हिसची व्याख्या लिहिली आहे तिथेच टाका. टेराफॉर्म असेल तर टेराफॉर्ममध्ये, क्लाउडफॉर्मेशन असेल तर त्यात. आणि फक्त सर्व्हिस बघून थांबू नका. डेटाबेसच्या मायग्रेशनसाठी कोणी रन-टास्क (एखादा टास्क सुटा चालवायची कमांड) वापरत असेल तर तिथे तो ऑप्शन वेगळा द्यावा लागतो, इव्हेंटब्रिजवरून (वेळापत्रकाने कामं सोडणारी सेवा) रात्री सुटणारे टास्क असतील तर त्यांच्या टार्गेटमध्ये तो वेगळा असतो. आमचे रात्रीचे रिपोर्टचे टास्क असेच सुटले होते आमच्या नजरेतून, सर्व्हिस नीट केल्यावर महिन्याने लक्षात आलं.

फ्लॅग ट्रू आहे आणि तरी टार्गेट नॉट कनेक्टेड येतंय, तर मग गोष्ट पुढची. परत डिस्क्राइब-टास्क्स, पण या वेळी कंटेनरच्या आत मॅनेज्ड एजंट्स म्हणून भाग असतो तो बघा, तिथे एक्झिक्यूट कमांड एजंट असं नाव आणि त्याचं लास्ट स्टेटस असतं. रनिंग, पेंडिंग किंवा स्टॉप्ड. एक्झेकचं सगळं काम हा एजंट करतो, कंटेनरच्या आत बसून, आणि तो बाहेर सिस्टम्स मॅनेजरच्या सेवेशी बोलतो. तुमचा लॅपटॉप कंटेनरशी थेट बोलतच नाही, दोघंही त्या मधल्या सेवेकडे जातात आणि तिथे गाठ पडते. हे डोक्यात बसलं की निम्मी कारणं आपोआप सुचतात: एजंटला परवानगी नाही, एजंटला रस्ता नाही, किंवा एजंट चुकीची ओळख घेऊन गेलाय.

परवानगीचं: एजंटला एसएसएम (तोच सिस्टम्स मॅनेजर) मेसेजेसच्या चार परवानग्या लागतात, कंट्रोल चॅनल तयार करणं आणि उघडणं, डेटा चॅनल तयार करणं आणि उघडणं. आणि त्या द्यायच्या टास्क रोलला (रोल म्हणजे परवानग्या जोडलेली ओळख). टास्क एक्झिक्यूशन रोलला नाही! नावात एक्झिक्यूशन आहे आणि आपण एक्झिक्यूट कमांड चालवतोय म्हणून हात तिकडेच जातो, मी स्वतः हे किमान तीन जणांच्या अकाउंटमध्ये पाहिलंय. एक्झिक्यूशन रोल हा इमेज ओढायला आणि लॉग पाठवायला असतो, कंटेनरच्या आतलं जे काही आहे ते टास्क रोलवर चालतं. कित्येक साध्या ॲपना टास्क रोल दिलेलाच नसतो कारण ॲपला एडब्ल्यूएसचं काही लागतच नसतं, अशा वेळी एक्झेकपुरता तरी एक रोल बनवून द्यावा लागतो.

रस्त्याचं: टास्क प्रायव्हेट सबनेटमध्ये (नेटवर्कचा इंटरनेटला थेट न जोडलेला भाग) असेल आणि बाहेर जायला नॅट नसेल तर एसएसएम मेसेजेसचा व्हीपीसी एंडपॉइंट (आपल्या खासगी नेटवर्कमधून त्या सेवेकडे जाणारं दार) बनवावा लागतो, प्रायव्हेट डीएनएस चालू ठेवून, आणि त्या एंडपॉइंटच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये टास्ककडून येणारं ४४३ उघडं हवं. हे शेवटचं विसरतात. एंडपॉइंट हिरवा दिसतो, सगळं बरोबर वाटतं, आणि एजंट बिचारा दारावर उभा.

चुकीच्या ओळखीचं कारण सगळ्यात फसवं आहे, त्यावर माझे एकदा पूर्ण दोन तास गेलेत म्हणून जरा थांबून सांगतो. एका प्रोजेक्टमध्ये स्टेजिंगला एक्झेक चालायचं आणि प्रॉडक्शनला नाही. रोल तोच, सबनेटची मांडणी तीच, इमेज तीच, फ्लॅग ट्रू, मी दोन्ही टास्क डेफिनिशन (टास्क कसा उभा करायचा ते सांगणारे आराखडे) शेजारी शेजारी उघडून ओळ न ओळ बघत बसलो. फरक होता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये. प्रॉडक्शनला कोणीतरी एस थ्रीवर (ॲमेझॉनच्या फाईल साठवायच्या सेवेवर) फाईल चढवण्यासाठी एका जुन्या यूजरची ॲक्सेस की आणि सीक्रेट की सरळ टास्क डेफिनिशनमध्ये टाकलेली होती. एजंटसुद्धा ओळख शोधताना तीच व्हेरिएबल्स आधी बघतो, ती सापडली की टास्क रोलकडे जातच नाही, आणि त्या जुन्या यूजरला फक्त एस थ्रीची परवानगी होती. कीज काढल्या, एस थ्रीची परवानगी टास्क रोलला दिली, डिप्लॉय केलं, एक्झेक पहिल्या फटक्यात चाललं. त्या कीज तिथे असायलाच नको होत्या हे वेगळं, पण जुन्या प्रोजेक्टमध्ये असतात, बघा एकदा.

बाकीची कारणं भरभर. टास्क डेफिनिशनमध्ये रूट फाईलसिस्टम रीड-ओन्ली केली असेल तर एक्झेक चालत नाही, एजंटला लिहायला जागा लागते. फार्गेटची प्लॅटफॉर्म व्हर्जन १.४.० किंवा पुढची हवी. एजंट थोडी मेमरी आणि सीपीयू खातो, आधीच काठोकाठ भरलेल्या कंटेनरमध्ये त्याचा हिशेब धरा. टास्कमधले कंटेनर पीआयडी नेमस्पेस (प्रोसेसच्या नंबरांची यादी) शेअर करत असतील तर त्यातल्या एकाच कंटेनरमध्ये सेशन उघडता येतं. सेशनचे लॉग एस थ्रीला किंवा क्लाउडवॉचला (ॲमेझॉनच्या लॉगच्या सेवेला) पाठवत असाल तर टास्क रोलला तिथली परवानगी हवी, आणि इमेजमध्ये स्क्रिप्ट आणि कॅट ही दोन प्रोग्रॅम असायला हवीत नाहीतर लॉग नीट जात नाहीत. हे सगळं हाताने तपासायचा कंटाळा येत असेल तर ईसीएस एक्झेक चेकर नावाची शेल स्क्रिप्ट आहे, क्लस्टर आणि टास्क दिला की एकेक मुद्दा तपासून रंगात दाखवते, वर सांगितलेल्या कीजबद्दलही सावध करते. मला ती आधी माहिती असती तर ते दोन तास वाचले असते.

कधी कधी तिकडे सगळं ठणठणीत असतं आणि गडबड आपल्या लॅपटॉपवर असते. सेशन मॅनेजर प्लगइन सीएलआयसोबत येत नाही, वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, ते नसेल तर एरर स्पष्ट सांगते. क्लस्टर सापडत नाही असं आलं तर प्रोफाईलचं रीजन बघा, मुंबईऐवजी व्हर्जिनिया लागलेलं असतं. अल्पाइन इमेजमध्ये बॅश नसतो, नो सच फाईल म्हणतो, तिथे साधा एसएच मागा. आणि विंडोजवर गिट बॅश वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचा: तुम्ही कमांडला स्लॅश बिन स्लॅश एसएच देता, गिट बॅशला वाटतं हा विंडोजवरचा पाथ आहे, तो त्याचं सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाईल्स, गिट असं लांबलचक करून पाठवतो आणि लिनक्सचा कंटेनर म्हणतो असलं काही माझ्याकडे नाही. कमांडच्या आधी एमएसवायएस नो पाथकॉन्व्ह हे व्हेरिएबल १ करा, किंवा सरळ पॉवरशेलमधून चालवा. आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलाने यासाठी रोलच्या परवानग्या दोनदा बदलून घेतल्या होत्या.

आत शिरल्यावरही तीन गोष्टी त्रास देतात. एक, वीस मिनिटं काही टाईप झालं नाही की सेशन तुटतं आणि ही मर्यादा बदलता येत नाही. त्यामुळे तासभर चालणारी डेटाची स्क्रिप्ट एक्झेकमधून चालवूच नका, त्यासाठी त्याच टास्क डेफिनिशनवर कमांड बदलून रन-टास्कने वेगळा टास्क सोडा, तो तुमच्या वायफायवर अवलंबून राहत नाही. टास्क डेफिनिशनमध्ये इनिट प्रोसेसही चालू ठेवा, सेशन संपल्यावर एजंटची पिल्लं झोंबी (संपूनही यादीत उरलेल्या प्रोसेस) होऊन मागे राहतात ती तो आवरतो.

दोन, तुम्ही आत जाता ते रूट म्हणून, कंटेनरला दुसरा यूजर दिलेला असला तरी. आमच्याकडे एकाने आत जाऊन आर्टिसनची (लाराव्हेलचं कमांड टूल) एक कमांड मारली, लॉगची त्या दिवसाची फाईल अजून तयार झालेली नव्हती, ती रूटच्या नावाने तयार झाली, आणि पुढच्या मिनिटापासून ॲपची प्रत्येक रिक्वेस्ट लॉग लिहिताना परमिशन डिनाईड म्हणून पडायला लागली. एक्झेक मारणाऱ्याला वाटलं मी तर फक्त कॅश साफ केला. ॲपची कुठलीही कमांड मारायची तर एसयू वापरून ॲपच्याच यूजरने मारा, आमच्याकडे तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा.

तीन, एन्ट्रीपॉइंट स्क्रिप्टमध्ये (कंटेनर सुरू होताना चालते ती) एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल्स तुमच्या शेलमध्ये दिसत नाहीत, टास्क डेफिनिशनमधली तेवढी दिसतात. "डेटाबेसचा पासवर्ड रिकामा आहे" म्हणून घाबरू नका, प्रॉक फोल्डरमध्ये (लिनक्स चालू प्रोसेसची माहिती ठेवतं तिथे) ॲपच्या प्रोसेसची एन्व्हायरन फाईल बघा, खरं तिथे असतं.

तो अडकलेला वर्कर महिन्याभराने परत अडकला. या वेळी फ्लॅग चालू होता, कोणी काही रीस्टार्ट केलं नव्हतं, मी आणि तीच मुलगी कॉलवर, तिने स्क्रीन शेअर केली आणि पहिल्या फटक्यात आत गेली. इमेज एकदम बारीक, त्यात पीएस नाही, एसएस नाही, नेटस्टॅट नाही. मग प्रॉकमधले आकडे बघत वर्करचा पीआयडी शोधला, त्याच्याच यूजरने त्याच्या एफडी फोल्डरची (त्याने उघडलेल्या फाईल आणि कनेक्शन असतात तिथली) यादी काढली, त्यात एक सॉकेट, म्हणजे नेटवर्क कनेक्शन, दिसला आणि त्याचा आयनोड नंबर, म्हणजे त्याची ओळख. मग प्रॉक नेट टीसीपी ही फाईल कॅट केली. तिथे पोर्ट हेक्समध्ये असतात, ४४३ म्हणजे ०१बीबी, अशा काही ओळी होत्या. ती म्हणाली, "सर, यातल्या काही तर आपल्याच सेशनच्या एजंटच्या असणार ना?" बरोबर, म्हणून आयनोड जुळवला. जुळलेल्या ओळीत स्टेट ०१, म्हणजे कनेक्शन उघडंच, आणि पलीकडचा पत्ता उलट्या क्रमाने हेक्समध्ये, तो दोन-दोन अक्षरं मागून पुढे वाचून आयपी काढला तर तो एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेचा निघाला. कोडमध्ये त्या कॉलला गझल (पीएचपीची एचटीटीपी लायब्ररी) वापरलं होतं आणि टाइमआउट दिलेला नव्हता, आणि गझलला टाइमआउट दिला नाही की तो शून्य धरतो, म्हणजे कितीही वेळ वाट बघत बसतो. तिने दहा सेकंदांचा टाइमआउट टाकला, पाच सेकंदांचा कनेक्ट टाइमआउट वेगळा, आणि पुढच्या गुरुवारच्या रिलीजमध्ये ते गेलं.